एका ताऱ्यापायी वाघोलीला

बसने हायवेवर वसई फाट्याला उतरवलं. तिथून शेअर रिक्षाने मी नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, आचोळ्याला आले आणि आल्या आल्या हरवले. पुण्यात बसून नकाशात पाहिलं तेव्हा हा भाग सरळसोट वाटला होता. प्रत्यक्षात इमारतीला खेटून इमारत, खाली दुकानांची रांग, दुकानांपुढे हातगाड्या आणि उरलेल्या जागेतून वाट काढणारी माणसं. मला ‘साई छाया’ हवी होती. साई कृपा सापडली, साई दर्शन सापडली, साई धाम तर पुन्हा पुन्हा सापडत राहिली. एकाने तुळिंजच्या बाजूला विचारायला सांगितलं. तुळिंजला गेले, तर तिथल्या भाजीवालीने “साई छाया ना? ती आचोळ्यात,” म्हणून मला आल्या वाटेने परत धाडलं.

फेब्रुवारी असूनही ऊन चढलं होतं. पाठीवर लॅपटॉप, हातात बाकरवडीचा पुडा. ज्या बाईंसाठी तो आणला होता त्यांना मी येणार हे ठाऊकही नव्हतं.

कशासाठी आले होते ते आधी सांगते. मी मूळची बार्शीची, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत काम करते. काही निळे, फार तापलेले तारे असतात. ते स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतात की कमरेपाशी फुगतात, आणि त्यांच्या अंगचा वायू सुटून भोवती तबकडीसारखा पसरतो. त्या तबकड्या मोजणं हे माझं काम. पण तारा इतका दूर असतो की कितीही मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तरी तो ठिपकाच राहतो. म्हणून अंतराअंतरावर ठेवलेल्या अनेक दुर्बिणींचा प्रकाश एका जागी आणतात. प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. ते पट्टे कुठे ठळक, कुठे पुसट, यावरून त्या ठिपक्याच्या आत काय दडलंय ते ओळखायचं. याला इंटरफेरोमेट्री म्हणतात. दुर्बिणी परदेशात एका डोंगरावर आहेत. तिथे मी कधी गेलेले नाही. माझ्याकडे येतात ते नुसते आकडे.

आणि ते आकडे माझं ऐकेनासे झाले होते. माझ्या ताऱ्याची तबकडी पहिल्या हंगामात एका दिशेला आडवी होती. पुढच्या हंगामात तीच तबकडी कललेली, आणि तिचा प्रकाश एका अंगाला सरकलेला. एवढी मोठी तबकडी वर्षभरात कूस बदलत नाही. शेजारी दुसरा एखादा तारा लपलाय का, हे आम्ही पहिल्याच हंगामात तपासलं होतं. तसं काही नव्हतं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, दुसऱ्या हंगामाचं मापन चुकलंय, ते सोडून दे आणि प्रबंध लिहायला घे. फेलोशिप संपत आली होती. सोडून दिलं तर अर्धं काम पाण्यात. धरून ठेवलं आणि चूक माझीच निघाली, तर पुढे कोण उभं करणार?

याच ताऱ्याचा प्रकाश आयुष्यभर तपासलेली एक व्यक्ती होती, सिसिलिया मॅडम. कॉलेजात असताना मी त्यांचं एक व्याख्यान ऐकलं होतं. सुती साडी, हातात खडू, आणि एकही शब्द वाया न घालवणारं इंग्रजी. हा तारा पूर्वीही असा वागला होता का, हे त्या सांगू शकल्या असत्या. पण ईमेलला उत्तर येत नव्हतं, फोन लागत नव्हता. मग जुना पत्ता मिळवला आणि निघाले.

साई छाया सापडली तेव्हा दार भलत्याच बाईंनी उघडलं. दारावर कदम अशी पाटी होती.

“सिसिलिया मॅडम?” कदमकाकू म्हणाल्या. “अगो, त्या गेल्या की!”

माझा चेहरा पाहून त्या घाईघाईने पुढे म्हणाल्या, “तशा नाही गेल्या. भावाकडे गेल्या. आजारी पडल्या, मग भाऊ येऊन घेऊन गेला, इनास नाव त्याचं. हा फ्लॅट आम्ही घेतला त्यांच्याकडनं. वाघोलीला असतात आता.”

“वाघोलीला?” “काकू, मी राहते वाघोलीला. आज सकाळी तिथूनच निघाले मी.”

“मग भेटल्या नाहीत?”

मग काकूंना उलगडा झाला आणि त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “पुण्याची नव्हे हो. आमची वाघोली. हिते, वेस्टला. बसा, चहा घ्या आधी.”

काकू मूळच्या खेडच्या. यजमान मुंबईत नोकरीला. मॅडम शेजारी कुणाशी फारसं बोलत नसत, पण पोरांना गणितं शिकवायच्या, असं त्यांनी सांगितलं. आजार कुठला, ते मात्र त्यांना नीट ठाऊक नव्हतं. “मेंदूचं काहीतरी,” एवढंच म्हणाल्या. चहा संपवून मी रिक्षा शोधायला निघाले.

पूल ओलांडून रिक्षा पश्चिमेला आली आणि थोड्या वेळाने मला वाटलं, रिक्षावाल्याने दुसऱ्याच तालुक्यात आणलं. इमारती विरळ झाल्या, मग संपल्या. दोन्ही अंगांना केळीच्या बागा, मधे पानवेलींचे मांडव, वळणावळणावर पांढरे क्रूस आणि त्यांच्यावर झेंडूचे हार. एका घरापुढे बायका बसून फुलं निवडत होत्या. “भैया, हे नालासोपाराच ना?” मी विचारलं.

“नालासोपाराच, मॅडम. इधर का अलग है. गाववाले लोक,” तो म्हणाला आणि मला एका पिंपळापाशी सोडून गेला.

पिंपळाखाली एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांना विचारलं, “इनास यांचं घर कुठे?”

“कुठला इनास? इथे चिक्कार इनास.”

“त्यांची बहीण... ताऱ्यांचा अभ्यास करायच्या.”

“हां, आकाशवाल्या बायचा इनास! ती बावखल दिसते ना, तिच्या पलीकडे.” बावखल म्हणजे बागेला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं जुनं तळं. इथे जवळजवळ प्रत्येक वाडीत एखादं असतं.

इनासकाका केळीची सुकलेली पानं कापत होते. सत्तरीचे, उंच, कानावर केस. मी कोण, कुठून आले, ते सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कोयता खाली ठेवला.

“फोन केला असतास तर सांगितलं असतं, येऊ नको म्हणून,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तिला झटका आला, बाय. उजवा हात गेला. आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं नाही गेलं. इंग्रजी गेलं. हे तुझ्यामाझ्यातलं पुस्तकी मराठी गेलं. राहिली ती आमची घरची बोली. लहानपणी आईजवळ बोलायची तेवढीच. तीही तुटकतुटक.”

ओटीवर खुर्चीत मॅडम बसल्या होत्या. अंगावर फुलाफुलांचा गाऊन, केस बारीक कापलेले. खडू धरणारा तो हात मांडीवर पडलेला. मी वाकून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. मग मराठीत सांगितलं, पुण्याहून आले, तुमच्या ताऱ्यावर काम करते. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. मला फक्त ‘पानी’ एवढा शब्द कळला.

“उन्हातून आलीय, तिला पाणी द्या, म्हणते,” इनासकाकांनी सांगितलं.

मी बाकरवडीचा पुडा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि काय करावं ते न सुचून ओटीच्या कडेला बसले. ज्यांना विचारायला आले त्यांना विचारायचं कसं? आणि विचारावं तरी का?

काकांच्या बायकोने, मार्थाकाकूंनी, जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं परस्पर ठरवून टाकलं होतं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, वर सुकेळी (राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी गोड). बार्शीच्या जिभेला बोंबील नवा होता. काट्याचं काय करायचं ते कळेना, तेव्हा मार्थाकाकूंनी माझ्या ताटातल्या बोंबलाचा काटा दोन बोटांनी ओढून काढला आणि म्हणाल्या, “खा आता. याच्यात घाबरण्यासारखं काय नाही.”

जेवण झाल्यावर इनासकाकाच म्हणाले, “आणलंयस ते दाखव तरी तिला. एवढ्या लांबून आलीस.”

मी लॅपटॉप उघडून मॅडमच्या पुढ्यात धरला. पहिल्या हंगामाची तबकडी, मग दुसऱ्या हंगामाची. हळूहळू, सोप्या मराठीत सांगत गेले. त्यांची नजर पडद्यावरून माझ्या तोंडावर, तिथून अंगणातल्या कोंबडीवर, पुन्हा पडद्यावर अशी फिरत होती. मग त्या स्पष्ट म्हणाल्या, “दोन.”

मी लॅपटॉप त्यांच्या आणखी जवळ सरकवला. “दोन तारे?”

“दोन,” त्या पुन्हा म्हणाल्या आणि कोंबडीकडे बघू लागल्या.

“ते धरून बसू नकोस,” मार्थाकाकू आतून म्हणाल्या. “चहा पाहिजे तर दोन. उशी पाहिजे तर दोन. तिला कुठलाही शब्द नाही सापडला की दोन म्हणते.”

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं आणि रडूही आलं, आणि त्यातलं कुठलं कशासाठी ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुपारी काका मॅडमना चाकाच्या खुर्चीत बसवून बावखलीपाशी नेतात. मीही गेले. भोवती नारळ, करंजाची झाडं, पाणी हिरवं आणि अगदी शांत. इनासकाकांनी विचारलं, हे तुमचे पट्टे म्हणजे काय भानगड आहे? तिने आयुष्यात आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी दोन खडे घेऊन थोड्या अंतरावर पाण्यात टाकले. लाटांची वर्तुळं पसरली आणि एकमेकींत शिरली. कुठे पाणी दुप्पट उचललं गेलं, कुठे हललंच नाही. “असंच प्रकाशाचं होतं,” मी म्हणाले. “त्या नक्षीवरून खडे कुठे पडले, किती मोठे होते, ते मागे मागे जाऊन शोधायचं. खडे न बघता.”

“आणि तुला खडे दिसत नाहीत.”

“नाहीत.”

दुसरे खडे उचलायला मी पुढे झाले आणि पाय घसरला. मी वाचले, पण एक चप्पल पाण्यात गेली. काकांनी बांबूने ती काढायचा प्रयत्न केला, तर ती आणखी आत गेली आणि बुडाली. हा गोंधळ चालू असताना मॅडमनी माझा हात पकडला. डाव्या हाताची पकड घट्ट होती. त्यांनी माझी मूठ वळवली, आपली मूठ तिच्यासमोर धरली आणि ती माझ्या मुठीभोवती फिरवू लागल्या. गोल गोल. तोंडाने काहीतरी बोलत होत्या, पण शब्द मधेच तुटत होते. काकांनाही अर्थ लागेना.

दोन तारे एकमेकांभोवती फिरताना दाखवायचे असले तर मीही असंच दाखवलं असतं.

तेवढ्यात मार्थाकाकू आल्या. “लोकर मागते,” त्या म्हणाल्या. “आधी विणायची ना. गुंडा करायचा असला की असे हात करते.” त्यांनी घरातून लोकरीचा गुंडा आणून मॅडमच्या मांडीवर ठेवला. मॅडमनी तो घेतला, दाबून पाहिला. उलगडला नाही, फेकलाही नाही. तसाच हातात धरून बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण झटक्यानंतर ते नेहमीच येतं, असं काका म्हणाले.

निघताना काका मला वाटेपर्यंत सोडायला आले. पायात मार्थाकाकूंच्या स्लिपर, हातात सुकेळ्यांची पुडी, फोनमध्ये काकांचा नंबर. पिंपळाजवळ ते थांबले.

“बाय, एक विचारतो. डॉक्टर म्हणतात, तिला सगळं समजत असेल, नसेलही. आम्ही दहावी शिकलेली माणसं. ती जे आयुष्यभर करत होती त्यातलं आम्हाला काही कळत नाही, मग आम्ही ओळखणार कसं? तू ओळखशील.” मग म्हणाले, “आमची सिसिलिया आत आहे का?”

मी वळून बावखलीकडे पाहिलं.

“आत्ता नको सांगू. पण कधी कळलं तर सांग. आणि बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नको.”

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी दिवसभराचं जुळवत होते आणि काहीच जुळत नव्हतं. एका ताऱ्याचं कोडं घेऊन आले होते, एका माणसाचं घेऊन चालले होते. दोन्हींकडे माझ्याजवळ होती ती तीच गोष्ट, काही खुणा. त्या खुणा खरं सांगतात की आपणच त्यांच्यात आपल्याला हवं ते वाचतो? एका बाईने मूठ फिरवली. नणंदेचं आजारपण काढणाऱ्या मार्थाकाकू म्हणतात ती लोकर. मी म्हणते ते तारे. रोज उशाशी असणारीचं खरं, की एका दुपारी आलेल्या पाहुणीचं?

पुण्याला आल्यावर मी दुसरा हंगाम नव्याने तपासला. पहिल्या हंगामात शेजारी तारा नव्हता म्हणून दुसऱ्यातही नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ते धरलेलं सोडून दिलं. तबकडीच्या जोडीला एक मिणमिणता तारा गणितात घातला, तर कललेली तबकडी सरळ झाली. पहिल्या वेळी तो मोठ्या ताऱ्याच्या इतका लगत होता की वेगळा ओळखू येत नव्हता. सरांनी गणित पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग स्वतःच नव्या निरीक्षणाचा अर्ज केला. पावसाळा संपता संपता नवे आकडे आले. ठिपका एक नव्हता.

सर माझ्यावर खूश होते. मी वाघोलीबद्दल त्यांना काही बोलले नाही, कारण बोलायला पुरावा कुठे होता? असल्या ताऱ्यांना जोडीदार असतो, ही काही अनोखी गोष्ट नव्हे. ‘दोन’ हा अंदाज कुणीही केला असता. चहा मागतानाही त्या तेच म्हणायच्या.

तरी फोन करायला हवा होता. रविवारी सकाळी केला. चर्चहून नुकतेच परतले होते सगळे.

“काका, तारे दोन निघाले,” मी म्हणाले. “पण मॅडमना ते माहीत होतं का, हे मला सांगता येत नाही. खोटं सांगू नको म्हणाला होतात.”

“बरं केलंस,” काका म्हणाले. आवाज पडला होता. “आता तूच सांग तिला. मी फोन कानाशी धरतो.”

मी हळू आवाजात सांगितलं. मॅडम, तारे दोन आहेत. एक तबकडीवाला, एक मिणमिणता. एकमेकांभोवती फिरतात. एवढंच.

मग त्या बोलल्या. एकच वाक्य, अडखळत, तुटलं तिथून पुन्हा उचललेलं. मला त्यातला ‘कोन’ तेवढा कळला. मला वाटलं, तबकडीचा कोन विचारतायत. मी आकडा सांगू लागले. त्या चिडल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या.

काकांनी फोन घेतला. “कोन नाही गो बाय, कोण. आम्ही असंच बोलतो. ती विचारते, कोणी कोणाचं घेतलं? आता ह्याला काय म्हणायचं? घरातलं कोणी काही नेलेलं नाही. वाटण्याही कधीच झाल्या आमच्या.”

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ज्या आठवड्यात हे बोलणं झालं त्याच आठवड्यात संस्थेत आमचा वाद पेटला होता. आज मिणमिणता दिसणारा तारा एके काळी मोठा होता का, आणि त्याच्या अंगचं सगळं शेजाऱ्याने ओढून घेतल्यामुळे शेजारी असा गरगर फिरायला लागला का? की तो जन्मापासूनच छोटा, आणि देण्याघेण्याचा प्रश्नच नाही? तारे दोन आहेत असं कळल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो. पण तो सुचायला हा तारा आयुष्यभर पाहिलेला असावा लागतो. फोनवर मी त्यातला एक शब्दही उच्चारला नव्हता.

“काका,” मी म्हणाले, “त्या आहेत.”

“काय?”

“मॅडम आत आहेत. तुम्हाला जो प्रश्न विचित्र वाटला ना, तो बरोबर प्रश्न आहे. आमच्याकडे सगळे सध्या तोच विचारतायत.”

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला आणि “मार्था! ए मार्था!” अशी हाक दूर जात राहिली. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी कानाशी धरून होते. जवळच मॅडमचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता, तेच वाक्य, आता बराच चढलेला. कारण त्यांना अजून उत्तर मिळालं नव्हतं.